‘पॅरोकियल’ म्हणजे काय? शेजाऱ्याच्या शब्दाला संकुचितपणाचा अर्थ कसा आला

इंग्रजी वर्तमानपत्र उघडलं की ‘पॅरोकियल पॉलिटिक्स’, ‘पॅरोकियल माइंडसेट’ असे शब्द हमखास भेटतात. कधी ते मराठीच्या आग्रहाबद्दल असतात, कधी एखाद्या समाजाच्या वस्तीबद्दल, कधी एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणाबद्दल. इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली मुलं हा शब्द वाचतात, स्पर्धा परीक्षेच्या यादीत पाठ करतात आणि समोर ‘नॅरो-माइंडेड’ असा अर्थ लिहून मोकळी होतात. अर्थ बरोबर आहे. पण या शब्दाचा जन्म त्याच्या आजच्या अर्थाच्या अगदी उलट्या टोकाला झाला. तो प्रवास माहीत असला तर शब्द लक्षात राहतोच, शिवाय तो कुणाला लावावा आणि कुणाला लावू नये हेही समजतं.

उच्चार आणि अर्थ

स्पेलिंगमध्ये ‘सी-एच’ आहे म्हणून पुष्कळ मुलं ‘पॅरोचियल’ असं वाचतात. बरोबर उच्चार ‘प-रो-कि-यल’ असा, जोर ‘रो’ वर. मराठीत आपण ‘पॅरोकियल’ लिहितो, ते चालतं.

या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला साधा: चर्चच्या पॅरिशशी संबंधित. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या आणि एका पाद्रींच्या देखरेखीखाली येणारी ठरावीक वस्ती. अमेरिकेत ‘पॅरोकियल स्कूल’ म्हणतात ते या अर्थानं, म्हणजे चर्चतर्फे चालणारी शाळा. त्यात टीका काही नाही. दुसरा अर्थ टीकेचा: ज्याची नजर आपल्या गल्लीपलीकडे जात नाही, आपल्या गटाचं हित दिसतं पण दुसऱ्याचं दुःख दिसत नाही, असा. मराठीत संकुचित, कोत्या मनाचा, उर्दूत तंगनजर. हा दुसरा अर्थ इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाला. पहिला त्याहून कितीतरी जुना, चौदाव्या शतकापासूनचा.

मूळ: जो शेजारी राहतो, पण इथला नाही

‘पॅरोकियल’ लॅटिनमधल्या ‘पारोकिया’वरून आला आणि ‘पारोकिया’ ग्रीकमधल्या ‘पारोइकिया’वरून. ग्रीकमध्ये ‘पारा’ म्हणजे बाजूला, जवळ. ‘ओइकोस’ म्हणजे घर. (इकॉनॉमी आणि इकॉलॉजी या शब्दांत हेच ‘घर’ लपलेलं आहे.) दोन्ही मिळून ‘पारोइकोस’, म्हणजे घराच्या बाजूला राहणारा, शेजारी.

पण हा शेजारी कोणता? ग्रीक शहरांत ‘पारोइकोस’ म्हणजे बहुधा बाहेरून येऊन राहिलेला माणूस. गावात राहतो, काम करतो, पण गावचा नागरिक नाही. यहुदी धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर झालं, तेव्हा परक्या मुलखात वस्तीला असलेल्या माणसासाठी हाच शब्द वापरला गेला. पुढे सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी तो स्वतःला लावून घेतला. आपण या जगात कायमचे रहिवासी नाही, थोड्या दिवसांचे पाहुणे आहोत, ही त्यामागची भावना. अशा पाहुण्यांची वस्ती ती ‘पारोइकिया’.

आपल्या वाचकांना ही कल्पना नवी वाटणार नाही. माणसानं दुनियेत परदेशी किंवा वाटसरूसारखं राहावं, ही शिकवण बुखारी शरीफमधल्या प्रसिद्ध हदीसमधून आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

म्हणजे ज्या शब्दानं आज ‘आपल्याच माणसांत अडकलेला’ असं म्हणतात, त्याचा मूळ अर्थ ‘परका, पण शेजारी’ असा होता.

मग शब्द आकसला कसा?

ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला, चर्चची व्यवस्था उभी राहिली आणि पाहुण्यांची वस्ती हळूहळू नकाशावरची हद्द झाली. फ्रेंचमधून हा शब्द इंग्लंडमध्ये ‘पॅरिश’ म्हणून पोहोचला. तिथे पॅरिश नुसती धार्मिक राहिली नाही, सरकारी कारभाराचं सर्वांत लहान एकक बनली. १५३८ साली प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम निघाला. १६०१ च्या गरिबांसंबंधीच्या कायद्यानं आपापल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर टाकली. त्यासाठी तिथल्या लोकांकडून कर घेतला जाई.

इथपर्यंत सगळं चांगलंच वाटतं. पण खर्च गावकऱ्यांच्या खिशातून होणार म्हटल्यावर प्रश्न आला: गरीब कुणाचा? आमच्या पॅरिशचा की बाजूच्या? १६६२ साली कायदा झाला. बाहेरून आलेला माणूस उद्या आपल्यावर भार होईल असं वाटलं, तर तो आल्यापासून चाळीस दिवसांच्या आत त्याला मूळ पॅरिशमध्ये परत पाठवता येई. वर्षाला किमान दहा पौंड भाड्याची जागा घेण्याची ऐपत असेल तो मात्र वाचला. १६९७ च्या कायद्यानं मदत घेणाऱ्या गरिबाच्या बाहीवर लाल किंवा निळ्या कापडाचा ‘पी’ हे अक्षर शिवणं सक्तीचं झालं, सोबत त्याच्या पॅरिशचं आद्याक्षर. जन्मणाऱ्या बाळाचा बोजा आपल्या पॅरिशवर पडू नये म्हणून गरोदर बाईला हद्दीबाहेर काढण्याचे प्रकारही होत.

‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ही चार्ल्स डिकन्सची कादंबरी काही मुलांना संक्षिप्त रूपात अभ्यासाला असते. त्यातला मिस्टर बंबल हा पॅरिशचाच नोकर. अनाथ मुलांना उपाशी ठेवून पॅरिशच्या नावानं रुबाब करणारा. अशी माणसं आणि असा कारभार लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. मग ‘पॅरिशसारखा’ म्हणजे ‘आपल्यापुरतं पाहणारा’ हा अर्थ रुळला यात नवल काय?

उपरोध पाहा. शब्दाचा मूळ अर्थ ‘परका शेजारी’. त्याच शब्दाच्या नावानं परक्या शेजाऱ्याला हाकलण्याचा कायदा झाला.

आपल्या उपनगरांतल्या पॅरिश

हे सगळं दूरच्या देशातलं वाटत असेल तर अंधेरी पूर्वेला या. सीप्झच्या आवारात सेंट जॉन द बॅप्टिस्ट या चर्चचे अवशेष आहेत. पोर्तुगीज काळात १५७९ साली जेझुइट पाद्रींनी ते बांधलं. १८४० च्या सुमारास साथीमुळे वस्ती हलली, लोक मरोळला गेले, आणि चर्च ओस पडलं. ही माणसं कोण? ईस्ट इंडियन समाजाची, म्हणजे साष्टी, मुंबई आणि वसई भागातली मूळची ख्रिस्ती मंडळी, ज्यांच्या घरात मराठीचीच एक बोली बोलली जाते. मरोळ, आंबोली, वांद्रे, गोराई इथल्या गावठाणांत ते पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतलं. इंग्रजी नावामुळे कुणी त्यांना बाहेरचं समजतं, पण ते इथल्या मातीतले आहेत.

पॅरिशमध्ये राहूनही नजर किती लांब जाऊ शकते याचं उदाहरण मराठी भाषेतच आहे. १५७९ सालीच थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. पुढची चाळीस वर्षं तो बहुतेक गोव्यातल्या साष्टी भागात धर्मकार्य करत राहिला. तिथली भाषा तो शिकला आणि मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ साली राशोल इथे छापलं गेलं. त्याच शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत ‘योगसंग्राम’ लिहीत होते. एक परदेशी पाद्री, एक मुसलमान सूफी परंपरेतला संतकवी. दोघांची भाषा मराठी. भाषा कुण्या एका पॅरिशची नसते, हे यातून कळतं.

उर्दू-अरबीतले याचे भाऊबंद

आपल्या घरात रोज वापरले जाणारे काही शब्द याच वाटेनं आलेत.

*मुजावर.* सांगली-कोल्हापूरकडे हे आडनाव खूप आढळतं. दर्ग्याची सेवा करणारा तो मुजावर. अरबीत ‘जार’ म्हणजे शेजारी आणि ‘मुजाविर’ म्हणजे बाजूला येऊन राहिलेला. काबागृहाजवळ मुक्काम करणाऱ्यांना आणि अल-अजहरमध्ये राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही मुजाविर म्हणत. म्हणजे ग्रीकमधला ‘पारोइकोस’ आणि आपला ‘मुजावर’ शब्दार्थानं जवळजवळ एकच.

*मोहल्ला.* अरबी ‘महल्ला’. मूळ धातूचा अर्थ सोडणं, उतरणं. प्रवासी जिथे उंटावरचं सामान सोडतो, मुक्कामाला उतरतो ती जागा. पारोइकियासारखीच ही पाहुण्यांच्या मुक्कामाची जागा होती, नंतर ती कायमची वस्ती झाली.

*गरीब.* अरबीत याचा अर्थ परका, परदेशी. आपल्यापर्यंत येईतो अर्थ निर्धन असा झाला. घरापासून तुटलेला माणूस बहुधा निर्धनच असतो, म्हणून असेल. इंग्लंडच्या पॅरिशनं ज्यांना हाकललं ते दोन्ही अर्थांनी गरीब होते.

*तअस्सुब आणि असबियत.* पॅरोकियलचा नकारार्थी अर्थ सांगायला उर्दूत हे शब्द जवळचे. ‘असब’ म्हणजे शरीरातला स्नायू, जो हाडांना बांधून ठेवतो. असबियत म्हणजे टोळीला बांधून ठेवणारी भावना. इब्न खल्दून यांनी १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त असबियतला राज्य उभं करणारी ताकद म्हटलं आहे. म्हणजे हा बंध मुळात वाईट नाही. वाईट कधी होतो? अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे. असबियत म्हणजे काय, असं विचारल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं त्याचा आशय असा की आपल्या लोकांना अन्यायाच्या कामात साथ देणं म्हणजे असबियत. आपल्या लोकांवर प्रेम करणं त्यात येत नाही. हा फरक फार महत्त्वाचा आहे.

सारखे वाटणारे शब्द

परीक्षेत मुलांचा गोंधळ होतो म्हणून थोडक्यात:

*बिगट:* दुसऱ्याच्या धर्माबद्दल, वंशाबद्दल किंवा मताबद्दल आडमुठा द्वेष बाळगणारा. हा फ्रेंचमधून आला. बाराव्या शतकात फ्रेंच लोक नॉर्मंडीच्या लोकांना हिणवायला तो वापरत. त्यामागची मूळ व्युत्पत्ती निश्चित झालेली नाही. पॅरोकियल माणसाला दुसरा दिसत नाही; बिगटाला दिसतो आणि खुपतो.

*इन्शुलर:* लॅटिन ‘इन्सुला’ म्हणजे बेट. बेटासारखा तुटून राहिलेला.

*प्रोव्हिन्शियल:* राजधानीबाहेरचा, प्रांतातला. यात शहरी माणसाचा तोरा डोकावतो, म्हणून जपून वापरावा.

*कूपमंडूक:* आपला संस्कृत-मराठी शब्द. कूप म्हणजे विहीर, मंडूक म्हणजे बेडूक. उर्दूत कुएँ का मेंढक. बेडूक दुष्ट नसतो, त्याला विहिरीबाहेरचं ठाऊक नसतं एवढंच. पॅरोकियलला सर्वांत जवळचा शब्द हाच.

आणि म्हण हवी असेल तर ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्ट्या’. यापेक्षा नेमकी व्याख्या कुठल्या शब्दकोशात मिळणार नाही.

मुंबईत हा शब्द कुणाच्या वाट्याला येतो?

१९६६ साली शिवसेना स्थापन झाली, तेव्हापासून भूमिपुत्रांच्या राजकारणाला इंग्रजी पत्रं ‘पॅरोकियल’ म्हणत आली आहेत. परप्रांतीयांना मारहाण झाली तिथे हा शब्द सौम्यच म्हणायला हवा. पण दुकानाची पाटी मराठीत असावी, बँकेत मराठीत बोललं जावं, एवढ्या मागणीलाही तो चिकटवला जातो, ते बरोबर नाही. आपली भाषा मागणं वेगळं, दुसऱ्याला हाकलणं वेगळं.

सप्टेंबर २०२३ मधली मुलुंडची घटना बऱ्याच जणांना आठवत असेल. कार्यालयासाठी जागा शोधणाऱ्या एका मराठी महिलेला, या सोसायटीत महाराष्ट्रीय लोकांना जागा देत नाही, असं सांगितल्याचा आरोप झाला. व्हिडिओ राज्यभर फिरला, प्रकरण पोलिसांत गेलं. मराठी माणसाला त्या दिवशी जे वाटलं, ते मुंबईतल्या अनेक मुस्लिम कुटुंबांना नवीन नाही. दलालाला फोन करावा, जागा पसंत पडावी आणि नाव सांगितल्यावर ‘आताच गेली’ असं उत्तर यावं, हे मराठी बोलणाऱ्या मुसलमानालाही चुकलेलं नाही. म्हणून मुलुंडच्या त्या बाईंचं दुःख आपल्याला लवकर समजायला हवं.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या कलम १९ नं प्रत्येक नागरिकाला भारतात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे १६६२ च्या त्या इंग्रजी कायद्याच्या नेमकं उलट. पण २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सोसायटीला आपलं सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी करता येतो असा निकाल दिला. म्हणजे सरकार हद्द आखू शकत नसलं, तरी सोसायटीला ती आखायला वाव राहिला.

इथे आणखी एक शब्द लक्षात ठेवावा: ‘घेट्टो’. १५१६ साली व्हेनिसमध्ये यहुद्यांना ज्या भागात राहण्याची सक्ती झाली त्याचं ते नाव. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं मुंब्रा, मीरा रोडकडे गेली किंवा आपल्या लोकांच्या वस्तीत सरकली. त्यांना ‘पॅरोकियल’ म्हणणं अन्यायाचं आहे. दार बाहेरून बंद झालेलं असेल, तर आतल्या माणसाला संकुचित म्हणता येत नाही.

आणि आपल्या घरात?

पण हा शब्द नेहमी दुसऱ्यासाठीच राखून ठेवला तर तेही पॅरोकियलच झालं. आपल्या जमातींचा कारभार पाहा. निकाहची नोंद, कब्रस्तान, गरजूंना मदत, शिष्यवृत्ती. जुन्या पॅरिशची हीच तर कामं होती. कोकणातल्या एकेका गावाच्या जमातीनं मुंबईत नव्यानं आलेल्या पोरांना खोली मिळवून दिली, नोकरीला लावलं. ही मदत नसती तर आपल्यापैकी अनेकांचे आजोबा इथे टिकले नसते.

त्याच जमातीत ‘ते आमच्यातले नाहीत’ हे वाक्यही ऐकू येतं. मुलगा शिकलेला, दीनदार, चांगल्या घरातला, पण बिरादरी वेगळी म्हणून स्थळ परत. मसलक वेगळा म्हणून सलामाला उत्तर नाही. झोपडपट्टीत नव्यानं आलेल्या उत्तर भारतीय मुसलमान कुटुंबाबद्दल तर आपण कधी कधी तेच बोलतो, जे दुसरे आपल्याबद्दल बोलतात. मुलं हे ऐकत असतात. त्यांना शाळेत कितीही शब्दार्थ शिकवा, खरा अर्थ ती घरातल्या बोलण्यावरून शिकतात.

कुरआनच्या सूरह अन-निसामधल्या ३६ व्या आयतीत भलाईचे हक्कदार सांगताना नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याचाही वेगळा उल्लेख आहे. परका शेजारी! आपण मघाशी पाहिलेला ‘पारोइकोस’ तोच. त्याचा हक्क नात्यावर ठरत नाही, धर्मावरही नाही, तर घर जवळ असण्यावर ठरतो.

ओळखायचं कसं? ‘आधी’ आणि ‘फक्त’

मुलांना समजावताना दोन शब्द पुरतात: ‘आधी’ आणि ‘फक्त’.

जवळच्याला आधी मदत, यात संकुचितपणा नाही. घरचा उपाशी असताना दूरच्याला जेवू घालणं शहाणपणाचं नाही. जकातीतही जवळच्या गरजूंना प्राधान्य मानलं जातं. आपली भाषा आधी, आपला मोहल्ला आधी, इथपर्यंत सगळं ठीक. पण ‘आधी’च्या जागी ‘फक्त’ आला की माणूस पॅरोकियल झाला. फक्त आपल्यालाच खोली, फक्त आपल्यालाच नोकरी, अन्याय झाला तर फक्त आपल्यावरच झालेला दिसणार.

‘आधी’पासून सुरुवात करून पुढे जाता येतं हे भिवंडीनं दाखवलं. १९८४ मध्ये तिथे भीषण दंगल झाली होती. १९८८ च्या सुमारास तिथले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. गल्लीतले हिंदू आणि मुसलमान, दुकानदार, यंत्रमाग कामगार नियमित एकत्र बसू लागले. १९९२ च्या डिसेंबरमध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. एकक मोहल्ल्याचंच होतं, पण दार उघडं होतं.

शेवटी एक हिशेब

अंधेरी आणि घाटकोपर मुंबईच्या हद्दीत आले १९५० साली. बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. त्याआधी ही गावं स्वतःच मुंबईबाहेरची होती. आज इथल्या इमारतींत राहणाऱ्यांपैकी कुणाचे वडील रत्नागिरीहून आले, कुणाचे कच्छहून, कुणाचे आझमगढहून, कुणाचे साताऱ्याहून. गावठाणातली आणि आदिवासी पाड्यांतली जुनी कुटुंबं सोडली, तर या उपनगरांत जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी सामान उतरवून मुक्कामाला थांबलेला आहे. शब्दाच्या जुन्या अर्थानं आपण सगळेच पारोइकोस, सगळेच मुजावर.

तेव्हा मुलांच्या वहीत ‘पॅरोकियल’समोर ‘संकुचित’ जरूर लिहा. त्याखाली एक ओळ आणखी लिहायला सांगा: मूळ अर्थ, बाजूच्या घरातला परका. आणि बाजूच्या घरात नवीन कुटुंब राहायला आलं असेल, तर संध्याकाळी त्याच मुलाच्या हाती एक ताट पाठवा.